चित्ता घ्यावा की पलंग

माणसाच्या आयुष्यात खरा निर्णय एकदाच येतो, आणि तो घेताना माणूस अगदी एकटा असतो. माझ्या धंद्यापुरतं सांगायचं तर तो निर्णय म्हणजे तीनचाकी मोटरसायकल आखूड घ्यायची की लांब. एकटं असण्याबद्दल मात्र खात्री देता येत नाही. चार माणसं बरोबर न आणणारं गिऱ्हाईक माझ्या दुकानाने अजून पाहिलेलं नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना ती गाडी कधीच चालवायची नसते. सगळ्यात ठाम मतं त्यांचीच असतात.

मी करीम मिस्त्री. चंद्रपुरात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. बैलगाड्या कमी झाल्या तेव्हा मी मोटरसायकलींकडे वळलो. आता माझ्या हातात वेल्डिंगची कांडी कमी आणि चहाचा कप जास्त असतो, म्हणून या अंकाच्या संपादकांना वाटलं की हा माणूस लिहायला मोकळा आहे. त्यांनी ‘आपली संघर्षगाथा पाठवा’ असं कळवलं. संघर्ष मी मुख्यतः गंजलेल्या नटबोल्टांशी केला आणि त्यात बहुतेक वेळा हातोडी जिंकली. त्याची गाथा होत नाही. त्यापेक्षा दोन गिऱ्हाइकं सांगतो.

आधी धंदा समजून घ्या. ज्यांना दोन चाकांवर तोल सांभाळता येत नाही, त्यांच्यासाठी मी मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे आडवा ॲक्सल टाकतो आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं बसवतो. गिअर आणि ब्रेक हातावर आणतो. मालवाहू रिक्षाची भंगारातली सामग्री वापरून गाडीला मागे जायची सोय करतो, कारण ही गाडी पायाने ढकलून मागे घेता येत नाही. मग रीतसर तपासणी, नोंदणी, आणि गाडी रस्त्यावर. सांगायला एवढंच आहे. करायला महिना जातो.

एकदा रद्दीच्या दुकानात मला एक परदेशी मासिक सापडलं. मला छापलेलं काहीही वाचायची सवय आहे, पुडीचा कागदसुद्धा. त्या मासिकात तीनचाकी मोटरसायकलींचे रंगीत फोटो होते. चामड्याची जाकिटं घातलेले गोरे म्हातारे समुद्राकाठच्या रस्त्याने चालले होते आणि खाली लिहिलं होतं की तीनचाकी दोन जातींची असते, एक स्पोर्टी आणि दुसरी टूरिंग. स्पोर्टी म्हणजे आखूड, जमिनीलगत, चपळ. टूरिंग म्हणजे लांब, उंच, पाठीला टेका, मागे सामानाची पेटी. मी दोन्ही करून पाहिल्या. चंद्रपूरला समुद्र नाही, पण खड्डे आहेत आणि पावसाळ्यात त्यात पाणी असतं.

नावं गिऱ्हाइकांनी ठेवली. आखूड गाडीला चित्ता म्हणू लागले. वाघ म्हणायची सोय नव्हती, तो शेजारी आहे आणि त्याच्या नावाने कोणी थट्टा करत नाही. लांब गाडीला पलंग म्हणू लागले, आणि एकदा त्या सीटवर बसल्यावर वेगळं नाव सुचणं कठीण आहे.

फरक असा. दुचाकी वळताना कलते. तीनचाकी कलत नाही, ती माणसाला वळणाच्या बाहेर ढकलते, आणि फारच जोरात घेतली तर आतलं चाक जमीन सोडतं. म्हणून बसणाऱ्याने स्वतःचं अंग वळणाच्या आत टाकायचं. चित्ता बुटका असल्यामुळे वळणावर बिनघोर असतो, पण खड्डा थेट मणक्याला कळवतो. पलंगावर खड्ड्यातही चहा सांडत नाही, पण वळायला अख्खा चौक लागतो. एक तरुण मला म्हणाला होता, “करीमभाऊ, जंगलात वाघ मागं लागला तं चित्ताच कामाचा ना?” मी त्याला म्हणालो की वाघ मागे लागल्यावर कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न फार वेळ उरत नाही.

पहिलं गिऱ्हाईक देवतळे फोरमन. माजरीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, दोन्ही गुडघे बदललेले, बरोबर पत्नी, मेहुणा, मेहुण्याचा मित्र आणि एक शेजारी.

“मले चित्ता पाह्यजे,” फोरमन म्हणाले. “खाणीत जलमभर सावकाश चाललो.”

“आन मी कुठी बसू?” बाईंनी विचारलं.

“मागं सीट आहे ना.”

“थे सीट नाई, थे पोळपाट आहे.”

मेहुण्याने चित्त्याच्या बाजूने एक छोटं भाषण केलं. त्याच्या मित्राने विरुद्ध बाजू घेतली, केवळ मेहुण्याला विरोध म्हणून. फोरमननी वाद मिटवण्यासाठी चित्ता सुरू केला, अंगणात एक फेरी मारली, आणि आमच्यापुढे थांबताना, आयुष्यभर दुचाकी चालवलेला प्रत्येक माणूस जे करतो ते केलं. त्यांनी पाय खाली टेकवला.

दुचाकीवर पाय टेकवला नाही तर माणूस पडतो. तीनचाकीवर पाय टेकवला तर मागचं चाक त्यावरून जातं. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण मान हलवतो. पाय मान हलवत नाही, त्याला जुनंच माहीत असतं. फोरमनच्या पायात खाणीतला जाड बूट होता म्हणून बोटं वाचली.

बाई शांतपणे म्हणाल्या, “एवढा खर्च करून गुडघे नवे बसवले, आन पहिल्याच दिवशी गाडीखाली घालून राह्यले.”

त्यांनी पलंग नेला. त्यावर दोघं थेट रामेश्वरपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर फोरमन म्हणाले, रस्ता चांगला होता. बाई म्हणाल्या, सीट चांगली होती. दोघंही खरं बोलत होते.

या पाय टेकवण्याच्या सवयीमुळे माझ्या धंद्यात एक उलटी गोष्ट घडते. जन्मभर सायकल-मोटरसायकल चालवलेल्या माणसाला तीनचाकी शिकवताना घाम फुटतो. ज्याचे पाय लहानपणीच गेले, तो पहिल्याच सकाळी झकास चालवतो, कारण टेकवायला त्याच्याकडे काही नसतं. जानकाबाई तशा होत्या.

जानका गेडाम पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गावची. पोलिओने दोन्ही पाय गेलेले. घरात, अंगणात ती हातांवर चालते, तळहाताखाली टायरचे तुकडे बांधून, आणि माझ्यापेक्षा वेगाने. तिचा व्यापार चारोळी, मध, डिंक, हिरडा. गावातल्या बायका जंगलातून आणतात, ती निवडते, पाखडते आणि चामोर्शीच्या आठवडी बाजारात विकते. तिची चारोळी घ्यायला माणसं मुद्दाम येतात, कारण तिच्या पोत्यात वर एक आणि खाली एक असा प्रकार नसतो.

बाजाराला तिला तिचा भाऊ सोमा मोटरसायकलवर न्यायचा. आता सोमाचं लग्न ठरलं होतं आणि त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे तो लग्नाआधी होणाऱ्या सासऱ्याकडे राहून शेतीत राबणार होता. एक हंगाम किंवा दोन, सासरा म्हणेल तसं. प्रश्न तिथे होता. चामोर्शीच्या बाजारात जागा कागदावर नसते, सवयीवर असते. जानकाची जागा तिच्या आईची होती, चिंचेखाली, दुपारभर सावलीची. पण लागोपाठ काही बाजार जागा रिकामी राहिली तर शेजारचा आपला माल हळूहळू सरकवतो, आणि एकदा सरकलेला माल मागे जात नाही. तिच्या शेजारी प्लास्टिकच्या बादल्या-टबवाला होता. बादल्या फार लवकर सरकतात.

ती आली ती सोमा, एक मामा, गावचे गुरुजी आणि गुरुजींचे परिचित अशा लवाजम्यासह. सोमाने तिला उचलून बाकावर बसवलं आणि सभा भरली.

गुरुजी म्हणाले, “लांबचा प्रवास आहे, भगिनीला आराम हवा. लांब गाडीच योग्य.”

मामा म्हणाला, “पेटी पाह्यजे ना मालाले. पलंगच घ्या.”

सोमा म्हणाला, “चित्ता तं पोरांची गाडी आहे.”

मीही पलंगच म्हणालो. वैनगंगा ओलांडून जायचं, पोती न्यायची, उन्हाळ्यात तापलेला रस्ता. विदेशी मासिकातल्या व्याख्येत ती अगदी चपखल बसत होती. ठराव एकमताने मंजूर झाला आणि मग लक्षात आलं की बाकावर जानका नाही.

ती हातांवर चालत दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. आम्ही वळून पाहिलं तेव्हा ती चित्त्याच्या सीटवर बसलेली होती.

“बाई,” मी म्हणालो, “थे नाई, आपण त्या लांबवालीचं बोलून राह्यलो.”

“मिस्त्रीभाऊ, मले इथी कोनं बसवलं?”

“कोनी नाई.”

“मंग मी कशी बसली?”

उत्तर स्पष्ट होतं. तिने एक हात सीटवर टाकला होता आणि चढली होती. मग ती उतरली, पलंगाजवळ गेली आणि हात वर केला. हात पायदानापर्यंत पोचला, सीटपर्यंत नाही.

“हिच्यावर मले कोनी उचलून ठेवलं तं मी बसन,” ती म्हणाली. “उचलनारा तं सासऱ्याच्या नांगरामागं चालला. आन बाजारात उतरावं लागते. पानी प्यावं लागते. गिऱ्हाईक आलं तं खाली बसून मापावं लागते. दर खेपेले गुरुजीले बलावू का?”

गुरुजींनी चष्मा पुसला. मामाने एक शेवटचा प्रयत्न केला. “आन माल कुठी ठेवशीन? मागं पेटी नाई हिले.”

“समोर. पायाची जागा रिकामीच आहे. पाय घडी करून बसते मी.”

इथे मला एक सांगायला हवं. चित्त्याची सीट मी एवढी खाली ठेवली होती ती फक्त दिसण्यासाठी. फोटोतल्या गाडीची तशी होती आणि कॉलेजच्या पोरांना ती रस्त्याला चिकटलेली दिसावी असं वाटायचं. पुढे मोकळी जागा राहिली, कारण पेट्रोलची टाकी सीटखाली सरकवली तर गाडी आणखी देखणी दिसते असं त्यांचं म्हणणं. पोरांनी आरशात पाहून जे मागितलं, त्यातलं सगळं जानकाच्या कामाचं निघालं. माणसाने कधीकधी मिरवण्यासाठीही काम नीट करावं, ते कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

अडचण एकच उरली. तिच्या गावापासून पक्क्या रस्त्यापर्यंतची वाट ट्रॅक्टरने पाडलेली आहे, दोन बाजूंना चाकोऱ्या आणि मधे उंचवटा. बुटकी गाडी तिथे पोटावर घासणार. गाडी उंच केली तर ती चढू शकणार नाही. मी मागचा ॲक्सल ट्रॅक्टरच्या चाकोरीत बरोबर बसेल एवढा रुंद केला आणि इंजिनाच्या पोटाखाली जाड लोखंडी पत्रा वाकवून लावला, पुढून वर वळलेला. घासलं तर घासू दे, पत्रा सरकत पुढे जाईल.

“म्हंजे गाडी पोटावर चालन?” तिने विचारलं.

“जिथी लागन तिथी.”

“मंग तिले शिकवावं नाई लागत. मी सांगीन तिले.”

चालवायला ती पोंभुर्ण्याच्या मैदानात शिकली. मी फक्त वळणावर अंग आत टाकायला सांगितलं. हातांवर चालणाऱ्या माणसाचे खांदे कसे असतात ते मी तेव्हा पाहिलं. गाडी वळत नव्हती, तिला वळवलं जात होतं.

पण पत्रा, ॲक्सल, तपासणी यांत दिवस गेले आणि तिचे दोन बाजार बुडाले. सोमा तोवर सासऱ्याकडे गेला होता. चामोर्शीहून आलेल्या एका मेंढपाळाने निरोप दिला की बादल्या चिंचेच्या बुंध्याला टेकल्या आहेत. पुढचा बाजार चुकला असता तर जागा गेली होती.

त्या दिवशी तिच्याबरोबर मी निघालो. पहिलाच लांबचा पल्ला होता, वाटेत काही तुटलं तर असावं म्हणून. मी पलंग घेतला. त्यावर हत्यारांची पेटी, हिरड्याचं एक पोतं आणि माझं मत होतं, की एवढा प्रवास आरामात करायचा तर हीच गाडी. तिची वाट तिने पार केली. पत्रा दोनदा घासला, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. पक्क्या रस्त्याला लागल्यावर तिने जो वेग धरला तो मी माझ्या गाडीला कधी दिलेला नव्हता. वैनगंगेच्या पुलावर मी होतो तेव्हा ती पलीकडच्या टोकाला होती, पदर डोक्याला घट्ट बांधलेला, समोर पोती, आणि मागून येणारा ट्रक तिच्यासाठी वेग कमी करून चाललेला. मी आयुष्यात पुष्कळ गाड्या बनवल्या. त्यातली एखादी आपल्यापुढे पळताना पाहण्याचं सुख फार वेळा मिळालं नाही. बहुतेक त्या दुरुस्तीला परत येतात तेव्हाच दिसतात.

चामोर्शीच्या बाजाराच्या तोंडाशी मंडप होता. कुठल्यातरी मंडळाने दिव्यांगांना साहित्य वाटपाचा सोहळा ठेवला होता आणि बाजाराचा दिवस निवडला होता, गर्दी आयतीच मिळते म्हणून. व्यासपीठ रस्ता अडवून बांधलं होतं. त्याला छान पायऱ्या होत्या. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांना वाटप करायचं होतं, हा विचार बांधणाऱ्याला सुचला नसावा. मंडपाचा खांब आणि कांद्याचे ढीग यांच्यामध्ये खांबाला वळसा घालणारा एक बोळ उरला होता. जानकाने तो पाहिला, हँडल वळवलं, आणि चित्ता त्यातून निघून गेला. कांदेवालीने फक्त एक पोतं आत ओढलं.

मी तिच्या मागोमाग पलंग घातला. पुढचं चाक वळलं, पण एवढ्या लांब गाडीची मागची चाकं त्या वळणातून आली नाहीत. मागे भाजीच्या हातगाड्या येऊन थांबल्या. मी व्यासपीठासमोर आडवा अडकलो.

पलंगाचा एक फायदा मान्य करायला हवा, उंचावरून दिसतं. चिंचेखालचं सगळं मला दिसत होतं. बोलणं मी नंतर जानकाकडून आणि बादलीवाल्याकडून वेगवेगळं ऐकलं. दोघांच्या सांगण्यात जे सारखं होतं तेवढंच लिहितो.

“जानकाबाई,” बादलीवाला म्हणाला, “मले वाटलं तू नाई येत आता. सोमा गेला ना.”

“सोमा गेला. मी आली.”

“कोनासंगं आली?”

“कोनासंगं नाई. बादल्या उचला भाऊ, गाडी लावाची आहे.”

“इथी गाडी वळन का?”

“वळवाले कोन सांगून राह्यलं?”

तिने मागे जायचा गिअर टाकला. बादलीवाल्याने पुढे जाणाऱ्या मोटरसायकली पाहिल्या होत्या, मागे येणारी पाहिली नव्हती. त्याने आधी एक बादली उचलली, मग सगळ्या. चित्ता सरळ चिंचेच्या बुंध्यापर्यंत मागे गेला. जानका उतरली, पोतं अंथरलं आणि माप काढलं. पहिलं गिऱ्हाईक मला दिसलं, एक म्हातारी. तिने काही विचारलं नाही, फक्त पिशवी उघडली. गेलेले दोन बाजार कुणाच्या हिशेबात धरलेच गेले नव्हते.

इकडे माझी परिस्थिती वेगळी होती. साहित्याचा ट्रक आलेला नव्हता, पाहुणे आले होते. निवेदक बराच वेळ ‘थोड्याच वेळात’ म्हणत होता. तेवढ्यात त्याला व्यासपीठासमोर अडकलेली नवी कोरी तीनचाकी आणि तिच्यावर बसलेला पांढऱ्या दाढीचा माणूस दिसला. छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला.

“काका, गाडी हलवू नका. साहेब खाली येऊन राह्यले.”

“मले हलवताच येत नाई,” मी म्हणालो.

“माहीत आहे काका. वाईट वाटून घेऊ नका.”

“अरे बाबा, माझे पाय ठीक आहेत.”

त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं. “फोटोत नाई दिसत काका. बसून राहा.”

पाहुणे उतरले. त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की या बांधवाला आता आयुष्यात कोणाच्याही आधाराची गरज उरली नाही. टाळ्या झाल्या. मग चार कार्यकर्त्यांनी माझी गाडी मागून उचलून फिरवली, तेव्हा मी बाहेर निघालो.

चिंचेखाली पोचलो तेव्हा अर्धं पोतं रिकामं झालं होतं.

“कुठी राह्यले मिस्त्रीभाऊ?” जानकाने मापावरून नजर न काढता विचारलं.

“सत्कार होता.”

“कोनाचा?”

“तुझाच असन. मी घेऊन आलो.”

तिने शाल उलटसुलट पाहिली, नारळ कानाशी हलवून पाहिला आणि दोन्ही चारोळीशेजारी पोत्यावर मांडून ठेवले.

नारळ दुपारीच विकला गेला. शालीला मात्र गिऱ्हाईक आलं नाही.